पिशवीचा आकार

वारा फारच झाला की पवनचक्क्या आपोआप थांबतात म्हणे.
ढालगावच्या पठारावर परवा रात्री
त्या थांबल्या.
झाडांना तशी सोय नाही.

सकाळी बाबालाल मुलाणी आले. चाकू खिशातच.
अकरा केशर आडवी.
एकाच्या बुडाशी उकिडवं बसून त्यांनी माती झटकली:
मुळं गोल गोल, एकमेकींत गुंतलेली,
नऊ वर्षांनी अजून पिशवीच्याच आकारात.

पिशवी मी स्वतः फाडली होती लावताना.
मुळांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

बांधाकडची ओळ उभी.
तिथं त्यांनी हट्टानं रायवळ कोयी जागेवरच पुरायला लावल्या,
वर्षभर थांबवलं,
मग गुडघे टेकून एकेका रोपाला पाचर मारली.
सोटमूळ मुरमात कुठवर गेलंय
कोण बघायला जातंय.

त्या ओळीतलंही एक फाटलं.
तिसऱ्या वर्षी म्हणाले होते, "यातली एक फांदी काढा,
दोघी बरोबरीच्या, मधे साल दाबलीय."
दोघींना मोहर होता.
मी नाही काढली.

आता चिरेत बोट घालून बघतो:
काळी, कोरडी साल.
वरून एक दिसणारं खोड
आत कधी जुळलंच नव्हतं.

बाबालाल यावर काही बोलले नाहीत.
टॉवेलात कैऱ्या गोळा करत राहिले, लोणच्यापुरत्या.
कोयी कधी लावायच्या, मी विचारलं.
"रायवळ पिकू दे की आधी.
आणि या खेपेला बांबूला आवळून बांधू नका,
पोरवयात जरा वारा खाऊ द्या."