शंभरातल्या चौऱ्याऐंशी

दिवाळे गावच्या बाजारात शिंगटी साफ करताना
काटा गेला चांगूआत्याच्या बोटात.
हळद भरली, चिंधी बांधली, टोपली संपेपर्यंत उठली नाही.
चौथ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं
तेव्हा आली बेलापूरला, माझ्या लॅबमध्ये:
"काय नाय गो, काटाच त लागला."

तिच्या रक्ताचा थेंब काचेवर ओढला,
जांभळ्या रंगात बुडवला, धुतला, वाळवला.
शंभर पेशी मोजायच्या असतात.
न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल,
माझं बोट एकाच बटणावर पडत राहतं.
तीन-चार पाकळ्यांचं केंद्रक, मध्ये दोऱ्याएवढा सांधा,
घाईत कुणी गाठी मारल्यासारखा.

पुस्तकात यांना सैनिक म्हटलंय.
मला होडीवरचे खलाशी आठवतात.
हाडाच्या पोकळीतून निघायचं, प्रवाहाला लागायचं,
आणि जिथून हाक येईल त्या काठाला
भिंतीच्या फटीतून अंग बारीक करून उतरायचं.
जंतू गिळायचा.
गिळवेनात इतके झाले
तर स्वतःचं केंद्रक उसवून
त्याच्याच धाग्यांचा पाग फेकायचा.
हे कॉलेजात शिकले त्या दिवशी
घरी ओट्यावर आजोबा पाग विणत बसलेले,
सुताचा.

पाग पडला की शेजारच्या पेशीही भाजतात.
आत्याच्या बोटातला ठणका
अर्धा काट्याचा, अर्धा आपल्याच माणसांचा.

आयुष्य एखाद्या दिवसाचं. आठवण ठेवत नाहीत.
आठवण ठेवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्या मागाहून येतात,
लसीच्या पोस्टरवर कौतुक त्यांचंच.

चौऱ्याऐंशी झाल्या. त्यातल्या अकरा कोवळ्या,
पाकळ्या न फुटलेल्या, घोड्याच्या नालासारख्या,
मज्जेने वेळेआधीच धाडलेल्या.
आत्याचा जयवंत नववीत होता
तेव्हा बापाच्या जागी होडीवर गेला.
रिपोर्टमध्ये त्याला रकाना नाही.

संध्याकाळी शेजारच्या डॉक्टरांनी बोटाला चीर दिली.
पिवळा पू, कापसाचे तीन बोळे, पिवळी पिशवी.
"गेली एकदाची घाण," आत्या म्हणाली.
मी पिशवीला गाठ मारली,
सोडवून पुन्हा मारली.

पैसे घेतले नाहीत म्हणून
रविवारी डबा आला, शिंगटीचं कालवण,
एका हाताने केलेलं,
काटे आधीच मोडून.