खाच

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
हिल्वेचं भरतं.
तार्तू शहरात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
गेली बावीस वर्षं.

डिसेंबरात उजेड नऊनंतर उगवतो आणि तीनला निघतो
सरकारी कचेरीतल्या बाबूसारखा,
आणि दाताचा रंग दिव्याखाली जुळवायचा नसतो.
म्हणून जेवणाची सुट्टी ती खिडकीत घालवते.
रंगपट्टीवरचे सोळा दात हाताशी,
खाली एमायोगी अर्धी गोठलेली,
नावातच माय असलेली नदी.

काचेच्या पाटीवर भुकटीच्या ढिगल्या:
आतल्या थराची गुलाबी, कडेची निळसर.
हे रंग खोटे,
फक्त तिला ओळखू यावेत म्हणून घातलेले.
भट्टीत ते जळून जातात
आणि खरा रंग, जो आत्ता कुणालाच दिसत नाही,
बाहेर येतो.
किंवा येत नाही.

पाण्याचा थेंब. कुंचला.
त्याचं टोक जिभेला लावायची सवय तिनं मोडली आहे,
अगदी पूर्ण नाही.
चिमट्यावरून दातेरी मूठ ओढायची, खर्र,
की ओली भुकटी शहारते, पाणी वर येतं,
ते टिपकागदानं हलकेच टिपायचं.
दात मुद्दाम मोठा रचायचा, जवळजवळ पाचव्या हिश्शानं,
कारण आगीत तो आक्रसतो.
नव्या मुलींना हेच जमत नाही:
चुकीचा आकार बिनचूक करणं.

पेइप्सी सरोवराकाठचा एल्मार रंग द्यायला स्वतः आला होता.
बर्फ भोकायच्या गिरमिटाची मूठ उलटी फिरली
आणि वरचा पुढचा दात गेला.
तो खिडकीत बसला, तोंड उघडून,
आणि डोळे दुसरीकडे,
जणू ती त्याचं न आवरलेलं घर पाहत होती.
तिनं शेजारच्या दाताची नोंद केली:
मुळाशी चहाचा तपकिरी, टोकाला दुधाळ निळा,
मधून एक उभी चीर, केसाएवढी.

तीन वेळा भट्टी. चौथ्यांदा चकाकी.
चीर तिनं एकाच केसाच्या कुंचल्यानं ओढली.
डॉक्टरनं फोटो काढून भिंतीवर लावला.

अकरा दिवसांनी एल्मार जिना चढून आला, धापा टाकत.
"बायको फसली," म्हणाला. "मी पण आरशात फसतो."
मग टोपी या हातातून त्या हातात.
"मुरी येत नाही."
मुरी म्हणजे कुत्रा.

चाळीस वर्षं जाळ्याचा दोरा त्याच दातानं तोडलेला.
टोकाला खाच पडली होती,
त्या खाचेतून तो शीळ घालायचा.
नोंदीत खाच नव्हती.
जो दात उरलाच नाही, त्याचं कोण विचारतं?

तोंडात हात घालणं तिचं काम नव्हे,
कायद्यानं तर नाहीच.
तिनं दाराला कडी लावली.
बारीक हिऱ्याची चकती, एक घासणी. "घाला शीळ."
नुसती हवा.
आणखी एक. "घाला."
किटलीसारखं काहीतरी.
"इथूनच तडकेल कधीतरी," ती म्हणाली.
"पहिलासुद्धा इथूनच तडकला असणार," तो म्हणाला,
तोंड उघडंच, म्हणून शब्द गोल गोल.

पाचव्यांदा शीळ नीट लागली.
खाली बेकरीतल्या पोरानं पीठभरले हात तसेच धरून
वर पाहिलं.
कुत्रा मात्र सत्तर किलोमीटर दूर होता.
"बघू," एल्मार म्हणाला,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन धुरी दिलेले मासे
टेबलावर ठेवून गेला.

तीन वाजले. बाबू उठला.
माशांच्या वासात हिल्वे हिशेबाची वही उघडून बसली.
पाटीवर चिमूटभर पांढरी धूळ, खाचेतली.
आजवर घातलेल्याचे पैसे लावले,
काढलेल्याचे कसे लावतात, तिला ठाऊक नव्हतं.
तिनं रकाना तसाच सोडला
आणि ओल्या बोटानं ती धूळ उचलली.