जाळं फाटायची जागा

इझनिकला पोचले तेव्हा दुपार कलली होती.
तटबंदीच्या दारावर दगडी चेहरे, जबडे वासलेले;
त्यांच्याखालून ऑलिव्हच्या पेट्या लादलेला ट्रॅक्टर
अंग चोरून आत गेला.

याच गावात, निकेआ म्हणायचे तेव्हा,
शेकड्यांनी धर्मगुरू जमले होते.
पुत्र पित्यासारखा, की पित्याच्याच द्रव्याचा?
म्हणतात, वाद अखेर एका अक्षरावर आला,
आपल्या ऱ्हस्व वेलांटीएवढ्या.
मला हसू आलं नाही.
तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत मी.

सरोवराकाठी नेवझातची होडी उपडी पडलेली.
पलीकडे बुडालेल्या चर्चच्या भिंती वर आलेल्या,
गुडघ्याएवढ्या, शेवाळ वाळून पांढुरक्या.
पूर्वेची अर्धगोल भिंत तेवढी स्पष्ट,
कुणी पसा धरावा तशी.

"विमानातून फोटो काढले तेव्हा जगाला कळलं," तो म्हणाला.
"आम्हाला ठाऊक होतं. इथे जाळं फाटायचं."
त्याची मुलगी फेरिदे भाषांतर करत होती,
मधले काही शब्द गिळत.

त्याची आजी सिदिका, सहा वर्षांची असताना
कावालाहून बोटीत घालून आणलेली.
सांगायची, तिथे टाकू नकोस,
खाली कुणाचं तरी घर आहे.
कुणाचं, ते कधी बोलली नाही.
दिवेलागणीला धक्क्यावर उभी राहून
ग्रीकमध्ये आकडे मोजायची, वीसपर्यंत.
पुढचे तिला येत नव्हते.

मी वाकून विटांचे फोटो घेत होते.
"पाणी गेलं म्हणून दिसतंय तुम्हाला हे.
दर वर्षी भिंत वीतभर वर,
माझी होडी दहा पावलं लांब.
लोक विचारतात, आनंद झाला असेल ना?"
यावर फेरिदेने काही भाषांतर केलं नाही.
तो काय म्हणाला असेल ते
त्याच्या हनुवटीवरून कळलं.

मग शेडमधलं जुनं जाळं त्याने खाली उतरवलं.
एका कोपऱ्यात गाठींवर गाठी:
आजोबांचा सुती दोरा, काळा पडलेला,
बापाचा हिरवा नायलॉन,
त्याचा स्वतःचा निळा.
"हे चर्च," गाठींवर बोट ठेवून म्हणाला.

हात लावू का, मी विचारलं.
लावा, म्हणाला,
पण वास दोन दिवस जात नाही.