पाटी

आमच्या फेरो बेटांवर झाड नाही.
फळी समुद्रानं आणून टाकलेली, कुठल्या तरी जहाजाची,
एका कडेला किड्यांची जाळी.
यालग्रिम ती खांद्यावर घेऊन आला.
"नव्या सभागृहाची पाटी कर. पांढऱ्यावर काळं."
मी होड्यांवर नावं घालणारा माणूस. विचारलं, नाव काय?
त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.
"शोधतोय. शास्त्रात असेल ते.
शास्त्रात नसेल ते माझ्या दारावर नको."

मी अस्तर मारलं, दोन हात. फळी वाळत ठेवली.

तो हिवाळा त्यांनी दिव्याखाली काढला.
शास्त्र डॅनिशमध्ये, भांडण आमच्या बोलीत,
आणि मधल्या चिंचोळ्या खाडीत
बरेच शब्द बुडाले.
कुणी म्हणालं 'मार्ग', कुणी 'शिष्य',
ब्रांदुर म्हणाला, नुसतं 'मंडळी'.
त्यावर 'कुणाची?' म्हणून तासभर.
मग वाद पेटीवर गेला:
भात्याची पेटी शास्त्रात नाही, बाहेर काढा.
सुन्वा, जिचे हात बारा महिने माशांच्या आतड्यांत,
दाराजवळून म्हणाली, शेगडीही नाही. विझवू?
पेटी गेली. शेगडी राहिली.

मी भिंतीशी बसायचो. त्यांच्यातला नव्हतो,
पण घरी दिव्यात तेल नसायचं.

एकदा राजाचा पाद्री आला, होडीतून, ओकून पांढरा झालेला.
भला माणूस. कॉफी घेतली, मग विचारलं:
या पुस्तकात कोणकोणती पुस्तकं असावीत
ती यादी पुस्तकात कुठल्या पानावर आहे?
ती माणसांनीच केली ना, बसून, भांडून,
तुम्ही आत्ता बसलात तशीच?
शेगडीत पीटचं ढेकूळ ढासळलं.
यालग्रिम बऱ्याच वेळानं बोलला:
"दीपस्तंभ कुणी बांधला मला माहीत नाही.
रात्री मी त्याच्याकडे बघून सुकाणू धरतो."
उत्तर चांगलं होतं. पुरेसं होतं का?
मी अजून, या वयात, मान हलवतो
आणि होकाराची की नकाराची, मलाच कळत नाही.

फेब्रुवारीत पाद्र्याच्या लोकांची होडी उलटली.
चौघांतला एक सापडला, एयविंदुर, खडकांत, तिसऱ्या दिवशी.
त्याला वर न्यायला लांब काही हवं होतं.
यालग्रिम माझ्या शेडमध्ये शिरला, विचारलं नाही,
फळी उचलली.
उभ्या चढणीवर चौघांनी ती धरली. त्यात ब्रांदुर,
ज्यानं त्या चर्चच्या उंबऱ्यावर अकरा वर्षं पाय ठेवला नव्हता.
त्या दिवशी ठेवला.
कुठल्या वचनाच्या आधारानं, कुणी विचारलं नाही.

फळी परत आली तेव्हा अस्तरावर
टाचांचे दोन डाग होते, मिठाचे.
मी खरवडायला घेतले.
"असू दे," यालग्रिम म्हणाला. "लाव तशीच."

मग गावानंच नाव ठेवलं: कोऱ्या पाटीवाले.
आधी हसून, मग सवयीनं, मग पत्रांच्या पत्त्यावर.
यालग्रिम चिडला. हे शास्त्रात नाही, म्हणाला.
सुन्वानं सुरी खाली ठेवली, हात पुसले
(वाचायला ती चाळिशीत शिकली, शब्दाखाली बोट धरून)
आणि अंत्युखियाचं पान काढलं.
"इथंही त्यांनी स्वतःला नाव दिलेलं नाही बघ.
हाक शेजाऱ्यांनी मारली."
पानाला माशाचा खवला चिकटला होता.
यालग्रिमनं तो नखानं काढला, फार हळू,
अक्षर निघू नये म्हणून.

काळा रंग माझ्याकडे तसाच आहे.
डबा उघडला की वर जाड साय.
काडीनं टोचली तर खाली अजून ओला.