‘ए’ आणि ‘द’

दर गुरुवारी सहाला, बोस्टनमध्ये,
अमेरिकेतलं नव्हे, लिंकनशायरचं,
जिथे जमीन पोळपाटासारखी सपाट
आणि तिच्यावर नजर पुरेल तिथवर कोबी,
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
आमची शाळा भरते.

मी छप्पन्न वर्षांची. सांगलीच्या पेठेत
हळद निवडण्यात अर्धं आयुष्य गेलं.
नखांतला पिवळेपणा इथल्या दोन हिवाळ्यांत गेला.
लेक नर्स, नातू शाळेत,
आणि दारावर कुणी आलं की मी
पडद्याआड श्वास धरून उभी.

शेजारी रासा, लिथुआनियाची,
मनगटावर पॅकहाउसच्या हातमोज्यांचा वळ.
पलीकडे दोमिंगास, पूर्व तिमोरची,
हसताना तोंडावर वही धरणारी.
आणि झिव्को, बल्गेरियाचा,
शेतातला चिखल दाराशीच आपटून येतो.

हेझेलबाई म्हणाल्या,
पहिल्यांदा भेटलं की ‘ए’, ओळख झाली की ‘द’.
‘ए वुमन’ आत आली.
‘द वुमन’ खुर्चीवर बसली.
रासा म्हणाली, आमच्यात असलं काही नसतं.
मी म्हटलं, आमच्यातही.
झिव्को म्हणाला, आमच्यात असतं,
पण शब्दाच्या शेपटीला.
ओळख झाली हे ठरवतं कोण,
असं मला विचारायचं होतं.
तेवढं इंग्रजी नव्हतं.

खुर्च्या व्हर्नन मांडायचा. चहाही त्याचाच.
इथलाच माणूस, आजोबा-पणजोबांपासून बंदरावरचा,
दूध आधी की चहा आधी यावर ठाम.
त्याला काय, तो जन्मापासून ‘द’,
असं आम्ही धरून चाललो होतो.

फेब्रुवारीत एकदा हॉलला कुलूप
आणि दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी,
पावसानं थोडी फिसकटलेली.
सगळे व्हर्ननकडे बघू लागले.
त्यानं खिसे चाचपले.
म्हणाला, चष्मा घरी राहिला.

हे वाक्य मला पाठ आहे.
माझा बाप रेशनच्या दुकानात हेच म्हणायचा.
जन्मात त्याला चष्मा नव्हता.

मग मीच पुढे झाले.
शब्दाखाली बोट धरून वाचलं,
पाइप. फुटला. आहे. वर्ग. लायब्ररीत.
येत होतं त्याहून हळू वाचलं.
माझ्या बोटामागून त्याचे ओठ हलत होते.
रासानं ते पाहिलं,
आणि झिव्कोला उगाच बसची वेळ विचारली.

पुढचे तीन गुरुवार तो आलाच नाही.
खुर्च्या आम्ही ओढल्या, वेड्यावाकड्या.
मला वाटलं, माझंच चुकलं.
झाकलेलं झाकलेलंच राहू द्यायला हवं होतं.

चौथ्या गुरुवारी आला. मुकाट्यानं रांगा लावल्या,
एक खुर्ची जास्तीची मांडली,
कोट न काढता तिच्यावर बसला.
पेन्सिल त्यानं धरली
शिंपले उघडायची सुरी धरावी तशी.

फॉर्म भरताना हेझेलबाईंना
सगळे रकाने मोठ्यानं वाचायची सवय.
मातृभाषा?
व्हर्नन खाली बघत म्हणाला, इंग्लिश.
कुणी काही बोललं नाही.
मग दोमिंगास हसली, तोंडावर वही न धरता,
मग झिव्को, मग मी,
आणि सगळ्यात शेवटी तो, खोकला येईपर्यंत.

मागे पाणी उकळत राहिलं.
चहा त्याचा, म्हणून कुणीच उठेना.
शेवटी मी उठले.
दूध नंतर घातलं.
त्यानं एक घोट घेतला, नाक मुरडलं,
आणि कप माझ्याकडे परत सरकवला.