दोनशे मीटर

फॉर्म विचारतो : किती चालता येतं?
वीस मीटर? पन्नास? दोनशे?

ग्लेनिसचे पाय ठणठणीत.
जिना ते सिंक, सिंक ते जिना,
एवढ्या येरझाऱ्यांत अख्खं पोर्ट टॅलबट पालथं झालं असतं.
दाराच्या चौकटीसाठी
फॉर्मात चौकट नाही.

गेल्या वेळची फोनवरची बाई गोड होती.
"आवाज छान वाटतोय की तुमचा," म्हणाली,
आणि तेवढंच लिहून घेतलं.

टपालपेटी खिडकीतून दिसते, समोरच,
वर एक सीगल.
मुदत शुक्रवारची.

चार वाजता शेजारचा इमरिस शाळेतून येतो.
ती जमिनीवर बसते,
दारातल्या फटीतून पाकीट सरकवते,
पाकिटामागून बोटं, दुसऱ्या पेरापर्यंत.

पोरगं पाकीट घेऊन पळतं.
बाहेर वारा आहे.
बोटं जरा वेळ तिथंच राहतात.