सांग त्यांना

कोपरखैरण्याच्या सिडकोच्या खोलीत
आई म्हणायची, सांग त्यांना, ताट वाढलंय.
मी वळायचे. बाबा, ताट वाढलंय.
सांग तिला, आमटीत मीठ नाही.
तीन पावलांचं अंतर,
आणि मी, सात वर्षांचं टपालखातं.

कधी वाटेत मी मीठ गाळायचे.
छान झालंय म्हणाले,
असं आपल्याच मनाने.
आई तेव्हा भांडी जरा हळू ठेवायची.

काल वाशीला, मिनी सीशोअरवर
कणसाला लिंबू चोळता चोळता
भूपेशने विचारलं,
रागावलीयेस का माझ्यावर?
मी मागे वळून पाहिलं,
कोणाला विचारतोय हा.
मागे फक्त खाडी, ओहोटीचा काळा गाळ,
एक बगळा.

उत्तर होतं माझ्याकडे.
कोणाच्या हाती द्यायचं, ते कळेना.

रात्री होस्टेलवर आईचा फोन.
सांग त्यांना, दूध उतू चाललंय,
माझे हात पिठात आहेत.
पलीकडे बाबांचा खोकला, अगदी जवळ.
मी म्हटलं, आई, तूच सांग ना.

बराच वेळ कोणीच बोललं नाही.
मग शेगडीचं बटण फिरल्याचा आवाज आला.
कोणी फिरवलं,
मी विचारलं नाही.